रक्ताचे कोडे सोडविणाऱ्या डॉ. लूसी विल्स



सरकारी आरोग्य कार्यक्रमात शाळाशाळांतून दर आठवड्याला मुलामुलींना एक गोळी दिली जाते. लहान वर्गांना गुलाबी, मोठ्या वर्गांना निळी. काही मुले ती मुकाट्याने घेतात, काही तोंड वाकडे करून घेतात, आणि काही गोळ्या खिडकीबाहेर किंवा दप्तराच्या तळाशी जातात हेही सर्वांना ठाऊक आहे. या गोळीत दोन वस्तू असतात. एक लोह आणि दुसरे फॉलिक ॲसिड. लोहाचे नाव सर्वांनी ऐकलेले असते. फॉलिक ॲसिड म्हणजे काय, असे विचारले तर मात्र वर्ग शांत होतो.

फॉलिक ॲसिड हे ब गटातील एक जीवनसत्त्व आहे. त्याला ब-९ असेही म्हणतात. त्याच्या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईत झाली. बुऱ्हाणपूर स्टेशनवर रात्री गाडीत बसले की सकाळी आपण जेथे उतरतो, तीच मुंबई. आणि हे काम करणारी स्त्री होती इंग्लंडहून आलेली एक डॉक्टर, लूसी विल्स. आज जगभर डॉक्टर व शास्त्रज्ञ परिषदा भरवून ब जीवनसत्त्वे आणि चयापचय यांवर चर्चा करतात. त्या चर्चेत डॉ. विल्स यांचे नाव आदराने घेतले जाते. या अंकात त्यांचा जीवन परिचय देत आहोत.

बालपण व शिक्षण

लूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराजवळ सटन कोल्डफील्ड येथे झाला. घरात विज्ञानाची आवड होती. वडील विज्ञानाचे पदवीधर होते, आईचे वडील डॉक्टर होते. भाऊ लिओनार्ड पुढे नावाजलेले भूगर्भशास्त्रज्ञ झाले. त्या काळी इंग्लंडातसुद्धा मुलींना विज्ञान शिकविणाऱ्या शाळा थोड्याच होत्या. लूसी यांना चेल्टनहॅम लेडीज कॉलेज ही चांगली शाळा मिळाली आणि १९०७ साली त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. तेथे त्यांनी वनस्पतीशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला.

विद्यार्थ्यांनी येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की केंब्रिजच्या परीक्षेत लूसी यांना पहिला वर्ग मिळाला नव्हता. पहिल्या भागात दुसरा व १९११ साली शेवटच्या भागात तिसरा वर्ग मिळाला. दुसरी अशी की परीक्षा पूर्ण करूनही त्यांना केंब्रिजची पदवी मिळाली नाही, कारण ते विद्यापीठ स्त्रियांना पदवी देतच नसे. स्त्रियांना तेथे पुरुषांच्या बरोबरीने पदवी मिळू लागली ती १९४८ साली.

१९११ साली वडील वारले. दोन वर्षांनी मोठी बहीणही गेली. त्यानंतर लूसी आईबरोबर श्रीलंकेत गेल्या आणि पुढे त्या दक्षिण आफ्रिकेत गेल्या. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेतच होत्या. केपटाउनच्या रुग्णालयात त्यांनी काही आठवडे स्वयंसेविका म्हणून रुग्णसेवा केली. इंग्लंडला परत आल्यावर त्यांनी डॉक्टर होण्याचे ठरविले. जानेवारी १९१५ मध्ये, वयाच्या सव्वीसाव्या वर्षी, त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी झाल्या.

या महाविद्यालयाचा आपल्याशी जुना संबंध आहे. बालविवाहाविरुद्ध न्यायालयात ठामपणे उभ्या राहिलेल्या डॉ. रखमाबाई याच महाविद्यालयात शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या होत्या. पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलचे नाव मोठे करणाऱ्या डॉ. जेरूशा झिराड याही तेथेच शिकल्या. लूसी १९२० साली डॉक्टर झाल्या तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी रॉयल फ्री हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत संशोधन करणे पसंत केले. गरोदर स्त्रीच्या शरीरात कोणते रासायनिक बदल होतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

मुंबईत आगमन

त्या काळी हिंदुस्थानात बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या फार मोठी होती. त्यामागची कारणे शोधण्याचे काम डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी हाती घेतले होते. त्यांच्या बोलावण्यावरून डॉ. विल्स १९२८ साली मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांना जागा मिळाली. ही तीच संस्था, जिचे नाव प्लेगची लस तयार करणाऱ्या डॉ. हाफकिन यांच्यावरून ठेवले आहे.

संस्थेच्या आजूबाजूला गिरणगाव होते. चाळी, भोंगे आणि कापसाचा धुरळा. त्याच वर्षी मुंबईच्या गिरणी कामगारांचा सुमारे सहा महिन्यांचा मोठा संप झाला होता. अशा वस्त्यांतील गरोदर स्त्रियांमध्ये एक भयंकर आजार दिसे. चेहरा पांढरा फटक पडे, पायांवर सूज येई, दोन पावले टाकली तरी धाप लागे. रक्त इतके कमी होई की अनेक स्त्रिया बाळंतपणाच्या आधी किंवा नंतर प्राणास मुकत. हा पंडुरोग म्हणजे एनीमिया होता. पण साधा नव्हता.

साध्या एनीमियात, म्हणजे लोहाच्या कमतरतेत, रक्तातील तांबड्या पेशी लहान व फिकट होतात. येथे उलट होते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत, पण त्यांची संख्या फार कमी असे. थंड देशांत अशाच मोठ्या पेशींचा एक घातक एनीमिया ठाऊक होता आणि यकृत खाऊ घातल्याने तो बरा होतो हे १९२६ साली अमेरिकेत मायनॉट व मर्फी यांनी दाखविले होते. पण मुंबईच्या या गरोदर स्त्रियांचा आजार नेमका तोच आहे की वेगळा, हे कोणी सांगू शकत नव्हते.

जंतू की ताट?

डॉ. विल्स यांनी प्रथम जंतूंचा संशय तपासला. हा रोग एखाद्या संसर्गाने होतो का? तपासण्या झाल्या आणि तसा पुरावा सापडला नाही. मग त्यांनी प्रयोगशाळेबाहेर नजर वळविली. एस. एन. तळपदे या सहकाऱ्यांसह त्यांनी मुंबईतील वेगवेगळ्या समाजांतील स्त्रियांचा आहार व राहणीमान यांची पाहणी केली. कोण काय खाते, किती खाते, दूध मिळते का, हिरवी भाजी व फळ ताटात येते का, घरात उजेड व हवा किती, याची नोंद केली. ही पाहणी १९३० साली प्रसिद्ध झाली.

पाहणीतून चित्र स्पष्ट होत गेले. गरीब मुस्लिम वस्तीतील स्त्रियांमध्ये हा आजार सर्वाधिक होता आणि त्यांचा आहारही सर्वांत निकस होता. ज्या घरी ताट भरलेले होते तेथे हा आजार क्वचितच दिसे. म्हणजे दोष जातीचा नव्हता, धर्माचा नव्हता, नशिबाचाही नव्हता. दोष ताटातील उणिवेचा होता. आज हे आपल्याला सोपे वाटते. पण रुग्ण समोर असताना तिच्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊन चौकशी करणारे डॉक्टर तेव्हाही कमी होते.

उंदीर, माकडे आणि मार्माइट

आता प्रश्न होता की ताटात नेमके काय उणे आहे. यासाठी त्यांनी गरीब मुंबईकर स्त्रियांसारखाच आहार पांढऱ्या उंदरांना दिला. उंदरांना एनीमिया झाला आणि आहारात खमीर घातल्यावर तो टळला. उत्तर सापडले असे वाटले. पण पुढे असे लक्षात आले की उंदरांच्या अंगावरील उवांमुळे त्यांना एका जंतूचा संसर्ग होत होता आणि त्याने निष्कर्ष गढूळ झाले होते. इतक्या कष्टाचे काम संशयात आले. डॉ. विल्स यांनी ते झाकून ठेवले नाही. प्रयोग पुन्हा मांडले आणि या वेळी माकडांवर केले. १९२९ साली काही महिने त्यांनी निलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत काम केले, १९३१ साली मद्रासच्या स्त्रियांच्या रुग्णालयात केले. उन्हाळ्यात लंडनला जाऊनही त्या प्रयोगशाळेतच बसत.

रुग्णांवर उपचार करताना त्यांनी मार्माइट नावाचा पदार्थ वापरून पाहिला. ज्या खमिराने पाव फुगतो तसलेच खमीर मद्याच्या कारखान्यात शिल्लक राहते. त्याचा अर्क काढून हा काळपट तपकिरी, खारट लगदा तयार करतात. इंग्लंडमध्ये लोक तो पावाला लावून खातात. ब गटातील जीवनसत्त्वे त्यात भरपूर असतात आणि तो महाग नव्हता. यकृताचा अर्क मात्र गरीब स्त्रीला परवडण्यासारखा नव्हता.

परिणाम आश्चर्यकारक होता. अंथरुणाला खिळलेल्या स्त्रियांची भूक काही दिवसांत परतली. रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. चेहऱ्यावर रंग आला. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नल या प्रसिद्ध नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. बाटलीतील त्या खारट लगद्यात असे काहीतरी आहे जे रक्त तयार करते, एवढे सिद्ध झाले. ते काहीतरी काय आहे, हे मात्र अजून कोणालाच सांगता येत नव्हते.

१९३७ साली डॉ. विल्स पुन्हा मुंबईला आल्या. या वेळी त्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, ठिकठिकाणी थांबत, पाच दिवसांत कराचीपर्यंत पोचल्या. मुंबईत सुमारे दहा आठवडे राहून त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट पडताळली. यकृताचा शुद्ध केलेला अर्क थंड देशांतील घातक एनीमियावर उत्तम काम करीत असे, पण मुंबईच्या रुग्णांवर तो निरुपयोगी ठरला. उलट कच्चा, कमी शुद्ध केलेला अर्क व खमीर यांनी त्या बऱ्या झाल्या. याचा अर्थ असा की येथे दोन वेगळी द्रव्ये होती. शुद्ध करताना एक राहत होते व दुसरे निघून जात होते. त्या दुसऱ्या द्रव्याला जगाने विल्स फॅक्टर असे नाव दिले.

पालकापासून गोळीपर्यंत

पुढची कथा इतर शास्त्रज्ञांनी पूर्ण केली. १९४१ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून हे द्रव्य अत्यल्प प्रमाणात वेगळे केले. पानाला लॅटिन भाषेत फोलियम म्हणतात, म्हणून त्याचे नाव फॉलिक ॲसिड पडले. १९४५ सालापर्यंत लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाचे नेतृत्व आंध्रात जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव करीत होते. म्हणजे मुंबईत एका इंग्रज स्त्रीने मांडलेले कोडे अमेरिकेत एका भारतीयाच्या देखरेखीखाली सुटले. ज्या यकृत-अर्काने थंड देशांतील एनीमिया बरा होत असे, त्यातील द्रव्य १९४८ साली हाती आले. ते ब-१२ जीवनसत्त्व होते.

वर्ग ९ व १० च्या विद्यार्थ्यांसाठी थोडे विज्ञान. खाल्लेल्या अन्नापासून शरीर ऊर्जा मिळविते, नवे घटक बांधते व जुने मोडते. या सर्व रासायनिक क्रियांना चयापचय म्हणतात. पेशीचे दोन भाग होण्यापूर्वी तिला आपल्या डीएनएची दुसरी प्रत तयार करावी लागते. या कामासाठी फॉलिक ॲसिड व ब-१२ दोन्ही लागतात. एकाची उणीव पडली तर दुसऱ्याचे कामही अडते. मग हाडांच्या मगजात पेशी वाढते, पण विभागली जात नाही. म्हणून पेशी मोठ्या आणि संख्येने थोड्या. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, तेव्हा नवा पुरवठा सतत चालू राहावा लागतो. गरोदरपणी तर आईच्या शरीरात दुसरे शरीर घडत असते. गरज वाढते आणि उणीव उघडी पडते.

फॉलिक ॲसिडचे आणखी एक मोठे काम नंतर कळले. गर्भ राहिल्यापासून सुमारे चार आठवड्यांतच बाळाच्या मेंदूची व मणक्याची नळी बंद होते. त्या वेळी फॉलिक ॲसिड कमी असेल तर ती नीट बंद होत नाही आणि बाळ गंभीर व्यंग घेऊन जन्मते. १९९१ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय परीक्षणात असे दिसले की आधीच्या बाळात असे व्यंग असलेल्या मातांनी गर्भधारणेपूर्वीपासून ही गोळी घेतली, तर सुमारे ७२ टक्के धोका टळतो. चार आठवड्यांत तर अनेक स्त्रियांना दिवस राहिल्याचे समजतही नाही. म्हणूनच ही काळजी लग्नानंतर नव्हे, मुलगी शाळेत असतानाच सुरू करावी लागते.

महाराष्ट्रातही या विषयावर मोलाचे काम झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व त्यांची मुले यांचा अभ्यास चालविला. तेथील बहुतांश मातांमध्ये ब-१२ कमी आढळले. ज्या मातांमध्ये फॉलिक ॲसिड भरपूर पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारी लक्षणे अधिक दिसली. म्हणून डॉक्टर सांगतात की एकाच जीवनसत्त्वाच्या मागे लागू नये. ब-१२ दूध, दही, ताक, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. भाजीपाल्यातून ते मिळत नाही. शाकाहारी घरांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड घेतल्यास रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंचे नुकसान आतून चालूच राहू शकते.

उत्तरायुष्य

डॉ. विल्स दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्येच राहिल्या. जुलै १९४४ मध्ये त्यांच्या रुग्णालयावर बाँब पडला व काही जण दगावले. तरीही काम थांबले नाही. १९४७ साली निवृत्त होईपर्यंत त्या रॉयल फ्री हॉस्पिटलच्या विकृतीशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या आणि रक्तरोगांचा पहिला विभाग त्यांनीच तेथे सुरू केला. निवृत्तीनंतर जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका येथे जाऊन त्यांनी पोषण व एनीमिया यांचा अभ्यास चालू ठेवला. लंडनच्या चेल्सी भागात त्या मजूर पक्षाच्या नगरसेविकाही झाल्या. त्यांनी लग्न केले नाही. इतर वरिष्ठ डॉक्टर मोटारीने येत, त्या सायकलने येत. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. नोबेल पुरस्कार त्यांना मिळाला नाही. पण आज गरोदर स्त्रीला दवाखान्यातून जी लाल गोळी मिळते, तीत त्यांचे आयुष्य आहे.

आपल्यासाठी बोध

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये एनीमिया आढळला. १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये तर हे प्रमाण ५९ टक्के होते. म्हणजे दहा मुलींच्या बाकांवर जवळजवळ सहा मुली. परीक्षेच्या वेळी जिला चक्कर येते, जी प्रार्थनेच्या रांगेत खाली बसते, जिचे अभ्यासात लक्ष लागत नाही, तिला आळशी म्हणण्यापूर्वी तिचे रक्त तपासून घ्या.

पालकांना नम्र विनंती की शाळेतील गोळीबद्दल मुलांच्या मनात भीती घालू नये. ती जेवणानंतर घ्यावी, उपाशीपोटी घेतल्यास मळमळते. शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरू नये. आपल्या भागातील आदिवासी बांधवांत सिकलसेल हा आनुवंशिक आजारही आढळतो. तो वेगळा आहे. त्याची तपासणी व उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत.

गोळी हा आधार आहे, अन्नाचा पर्याय नव्हे. शाहपुरात केळी पिकतात, आणि केळ्यात ब-६ हे याच कुटुंबातील जीवनसत्त्व असते. मेथी, पालक, चवळी, हरभऱ्याचा पाला, तूर, मूग, हरभरा, शेंगदाणे यांत फॉलिक ॲसिड असते. भाजी फार वेळ शिजवल्याने व तिचे पाणी फेकून दिल्याने ते नष्ट होते, म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी, थोड्या पाण्यात झाकून शिजवावी.

आणि एक गोष्ट मनापासून. आपल्या अनेक घरांत सर्वांचे जेवण झाल्यावर आई आणि सूनबाई जेवायला बसतात. भाजी तोपर्यंत संपलेली असते, वरण तळाला गेलेले असते, राहते ती भाकरी आणि चटणी. डॉ. विल्स यांनी मुंबईच्या चाळींत जे ताट पाहिले ते हेच. त्यांना त्याचा शोध घ्यायला हजारो मैल यावे लागले. आपल्याला तर आपल्याच स्वयंपाकघरात डोकावायचे आहे. विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर आईच्या ताटात काय वाढले आहे ते पाहा, आणि तिला आपल्याबरोबर जेवायला बसवा. विश्वस्त मंडळींनी मुलींच्या रक्ततपासणीचे शिबिर दरवर्षी भरविण्याचा विचार करावा, ही विनंती.

आपला,
प्राचार्य